विमानाला ताप आला!

आमच्याकडे शिवणयंत्र आणि जेवणाचं टेबल एकच. झाकण पाडलं की टेबल, उघडलं की मशीन. भोईवाड्यातल्या दोन खोल्यांत याहून वेगळी सोय होणार तरी कशी? गेल्या मे महिन्यात या टेबलावर तिसरा भाडेकरू आला. चिरंजीवांचं ड्रोन! धाकट्या दिरांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले आणि काका-पुतण्यांनी आठवडाभर खपून ते जोडलं. चार मोटरी, चार पंखे, पुढे कॅमेरा. बॅटरीसकट वजन २५० ग्रॅमच्या आत.

बॅटरी लावली. पाच-सहा मिनिटं पडद्यावर आमचंच स्वयंपाकघर दिसलं, मग चित्र गेलं आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास सुटला. चिरंजीव रडवेले झाले. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "विकून टाका एकदाचं." भावोजी फिरतीवर गेलेले. एका दुकानात नेलं, तर तिथल्या गृहस्थांनी यंत्र हातातही न घेता सांगितलं, "चारही स्पीड कंट्रोलर बदलावे लागतील. साडेचार हजार." अर्धवेळ शिक्षिकेला साडेचार हजार म्हणजे किती, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको. मी यंत्र पिशवीत घातलं आणि घरचा रस्ता धरला.

मी बी.ए., तेही मराठी घेऊन. पण करपल्याचा वास आला म्हणून कोणी नवी शेगडी आणत नाही. आधी कुठलं भांडं लागलं ते बघतो. तसंच करायचं ठरवलं. फोनवरून भावोजींची पहिली ताकीद आली, "वहिनी, आधी चारही पंखे काढा." हे अगदी खरं. टेबलावर चुकून फिरलेला पंखा बोट कापतो. मग दोन मिनिटं बॅटरी लावायची, काढायची आणि लगेच बोटाच्या मागच्या बाजूने, मुलाचा ताप बघतो तसा, एकेक भाग चाचपायचा. बोट सहज टेकलं तर ठीक. चटकन मागे घ्यावं लागलं तर तो भाग साठ अंशांच्या आसपास तरी आहे असं समजावं. चिरंजीवांनी वहीत रकाने आखले.

पहिला रोगी सापडला तो कॅमेऱ्याचं चित्र पाठवणारा ट्रान्समीटर. बोट लावताच पोळलं. पण तो बिघडलेला नव्हताच! हे यंत्र स्वतःच्या पंख्यांच्या वाऱ्यावर थंड होतं. आकाशात वारा असतो, टेबलावर कुठला? आम्ही टेबलफॅन त्याच्या तोंडासमोर ठेवला, ट्रान्समीटरची शक्ती सगळ्यात कमीवर आणली, तर वीस मिनिटं चित्र हललं नाही. मात्र त्याची अँटेना लावल्याशिवाय बॅटरी कधीही जोडू नये. बाहेर जायची शक्ती आतच कोंडते आणि भाग खरोखर जळतो.

वाऱ्याची ही गोष्ट थेट मंगळापर्यंत जाते बरं का. 'नासा'चं 'इन्जेन्युइटी' हे छोटं हेलिकॉप्टर तिथे १९ एप्रिल २०२१ रोजी पहिल्यांदा उडालं. तिथली हवा आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्शाइतकी विरळ. उष्णता वाहून न्यायला ती पुरत नाही. त्यामुळे उडताना मोटरी सेकंदाला जवळजवळ एक अंशाने तापायच्या आणि किती वेळ उडायचं ते त्यावरून ठरवावं लागायचं. हे ऐकल्यावर चिरंजीवांचा चेहरा जरा उजळला. आपला आजार मोठ्या घराण्यातला आहे म्हणून!

चारही दांड्यांवरचे स्पीड कंट्रोलरही गरम होते. कारण हातासरशी दिसलं. चिरंजीवांनी 'नीट दिसावं' म्हणून प्रत्येकाला फोम लावून वरून काळ्या टेपचे चार वेढे दिले होते. मे महिन्यात बाळाला शाल-टोपरं! टेप सोडली, ऊन उतरलं. साडेचार हजार तिथेच वाचले.

आता उरली एक मोटर. तीन कोमट आणि मागची डावी चटका देणारी. भावोजी म्हणाले, चारही सारख्या तापल्या तर पंखे मोठे झाले असतील किंवा संगणकावरचं सेटिंग चुकलं असेल. एकच तापली तर दोष तिच्यातच शोधा. म्हणून बॅटरी काढून बोटाने फिरवली. बाकीच्या भिरभिरत होत्या, ही अडखळत होती. मी भिंग घेतलं. दांडीभोवती, घंटीच्या आत, निळा दोरा गुंडाळलेला! माझ्याच परकराचा दोरा, मशीनखालून उडालेला. मुलाला दोन दिवस मी "निष्काळजी" म्हणून बोलले होते. चिमट्याने दोरा ओढून काढताना सासूबाई नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

तरीही ती थोडी तापतच होती. मोटर सोडवली, तर बसवायचे दोन स्क्रू इतरांहून लांब निघाले आणि त्यांची टोकं आतल्या तांब्याच्या तारेला टेकायच्या बेतात होती. टेकली असती तर मोटर गेली असती. प्रभादेवीहून लोकल पकडून ग्रँट रोडला गेलो, आखूड स्क्रू आणले. चाळीस रुपये. त्याच मोटरीच्या तारेचा एक डाग मळकट, भुरभुरीत होता. तो भावोजींनी आल्यावर पुन्हा केला. इस्त्रीचा सैल प्लग तापतो ना, तसाच सैल डागही तापतो. आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे मला तेव्हाच कळलं.

बॅटरीबद्दल मात्र मी कोणाचंही ऐकून घेत नाही. पलीकडे गॅस, मध्ये सासूबाईंचा पलंग. पळायचं म्हटलं तर जागा कुठे? ही लिथियमची बॅटरी पेटली की झटकन विझत नाही. उडवून आणल्यावर गार होऊ द्यायची, मगच चार्जिंगला. ते मोरीजवळच्या कोरड्या फरशीवर, कोणीतरी जागं असताना. आमचीवर ६५० लिहिलंय, म्हणून चार्जरवर ०.६५ अँपिअर. तीन खणांची ही बॅटरी पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट, पण आठवडाभर वापरायची नसेल तर ११.४ वर ठेवायची. एक बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली. चिरंजीव म्हणाले, "आई, दाबून बघू?" दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तर मुळीच करायची नाही. कोरड्या वाळूच्या कुंडीत घालून खिडकीबाहेर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली. कचऱ्याच्या डब्यात नाही.

गच्चीवरून उडवायचा हट्ट झालाच. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार एवढ्या लहान यंत्राला चालकाचा परवाना लागत नाही, हे खरं. पण उडवायची जागा ही निराळी बाब. विमानतळामुळे मुंबईचा बराच भाग बंदीच्या नाहीतर परवानगीच्या क्षेत्रात येतो, शिवाय पोलिसांचे मनाई आदेश निघत असतात. म्हणून सरकारी नकाशा बघून माझ्या माहेरी, संगमेश्वरजवळच्या कापलेल्या शेतात नेलं. चार मिनिटं उडालं, उतरलं. बॅटरी काढून चिरंजीवांनी चारही मोटरींना बोट लावलं, वहीत लिहिलं, आणि वही माझ्या हातात दिली. चारही रकान्यांत एकच शब्द होता : कोमट.