अक्का, तू बैस!

आमच्या अक्काने जन्मात विडीकाडीला हात लावला नाही. पण ३० वर्षे चुलीपुढे फुंकणी फुंकली. त्या धुराने तिची फुप्फुसे कायमची अधू केली. डॉक्टर या विकाराला ‘सीओपीडी’ म्हणतात. चार पावले चालताच तिला धाप लागे. मग “अक्का, तू बैस!” हे आमचे पालुपदच झाले. पाण्याचा पेलासुद्धा आम्ही तिच्या हातात नेऊन देऊ लागलो. केवढी ही माया!

डॉक्टरांनी त्या मायेचे माप आमच्या पदरात घातले. धाप लागते म्हणून माणूस बसतो. बसून बसून पायांचे स्नायू दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंना तेवढ्याच कामाला अधिक श्वास लागतो, आणि धाप वाढतच जाते. व्यायामाने फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत. मात्र पायांत बळ आले, की आहे तो श्वास पुरतो.

प्रथम दवाखान्याच्या ३० मीटर लांब व्हरांड्यात ६ मिनिटे चालवून तिचे अंतर मोजले. नंतर ८ आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली चालणे व हातापायांचे व्यायाम झाले. श्वास नाकाने घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. “म्हणजे फुंकणीच की!” अक्का हसली.

वाचकहो, घरी असे कोणी असेल, तर डॉक्टरांना विचारून त्याला चालते करा. गेल्या वसुबारसेला अक्का स्वतः जिना उतरून अंगणात रांगोळी काढायला गेली. सवयीने मी पाट घेऊन मागे धावलो.

“ठेव तो पाट,” ती म्हणाली, “आणि तूच बैस त्यावर!”