रोगजंतूंचे तापमापक

१८९६ साली मुंबईत गाठीच्या प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत ती देशाच्या अनेक भागांत पसरली. या रोगाचा जंतू येर्सिन या शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधून काढला होता. उंदरांवरील पिसवा त्याचा प्रसार करतात, हे सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराची येथे दाखवून दिले. रोगाचा मार्ग अशा रीतीने उमगला. परंतु एक प्रश्न उरलाच. पिसवेचे शरीर आणि माणसाचे शरीर या अगदी भिन्न जागा होत. एकच जंतू दोन्ही ठिकाणी तग कसा धरतो?

याचे उत्तर बऱ्याच अंशी तापमानात आहे. पिसवेचे शरीर भोवतालच्या हवेप्रमाणे थंड किंवा उबदार होते. उंदीर व माणूस यांच्या शरीराचे तापमान मात्र ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर असते. प्रथिने ही जंतूची अवजारे आणि शस्त्रे होत. ती घडवण्यास पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते. म्हणून जी प्रथिने जेथे उपयोगी, तेथेच ती तयार होणे जंतूच्या हिताचे असते.

सुमारे २८ अंशांहून कमी तापमानात प्लेगचे जंतू एक चिकट पदार्थ निर्माण करतात. त्यामुळे त्यांचा गोळा होऊन पिसवेच्या जठराचे तोंड बुजते. रक्त पोटात न गेल्याने उपाशी पिसू पुनःपुन्हा चावते, आणि प्रत्येक वेळी काही जंतू जखमेत शिरतात. तेथे ३७ अंशांची ऊब मिळताच चिकट पदार्थ बनणे थांबते व दुसरीच प्रथिने तयार होऊ लागतात. त्यांपैकी एकाचे आवरण जंतूभोवती चढते. इतर काही प्रथिने सुईसारख्या सूक्ष्म नळीतून आपल्या पांढऱ्या पेशींत टोचली जातात आणि जंतूंना गिळण्याची त्या पेशींची शक्ती लुळी पडते.

हा बदल घडतो कसा? प्रथिन बनवण्याची सूचना जनुकावरून आरएनएच्या धाग्यावर उतरवली जाते आणि रायबोसोम नावाचा सूक्ष्म कारखाना त्या धाग्याला चिकटून ती वाचतो. टोचणाऱ्या प्रथिनांची जनुके चालू करणारे एक नियामक प्रथिन असते. त्याच्या आरएनएचा धागा थंडीत स्वतःवरच दुमडतो व रायबोसोमने चिकटावयाची जागा त्या घडीत झाकली जाते. सूचना तयार असूनही वाचली जात नाही. ३७ अंशांना घडीतील दुर्बळ बंध सुटतात, जागा उघडी पडते आणि प्रथिन बनू लागते. अशा धाग्यांना ‘आरएनए तापमापक’ म्हणतात. लिस्टेरिया या दूषित अन्नातून येणाऱ्या जंतूतही असाच तापमापक असल्याचे २००२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी दाखवले.

ही माहिती केवळ कुतूहलाची नव्हे. पिसवेतून नुकत्याच आलेल्या जंतूंवर पुरते चिलखत नसते. ते चढण्यास काही तास लागतात. प्रयोगशाळेत थंड तापमानात वाढवलेला जंतू व रोग्याच्या शरीरातील जंतू एकाच जातीचे असले, तरी त्यांचे बाह्य रूप सारखे नसते. शरीराच्या संरक्षक यंत्रणेला ज्या आवरणाची ओळख पटवून द्यावयाची, तेच थंडीत वाढलेल्या जंतूवर पुरेसे नसते. हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत स्वतःला टोचून घेतलेली लस मारलेल्या जंतूंची होती. अशा लसीचे जंतू कोणत्या तापमानात वाढवले, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. नव्या लसींच्या संशोधनात या आवरणातील प्रथिनाचाच उपयोग केला जात आहे.