हिमालयातील भांग : एक स्थानिक वाण आणि त्याचा औषधी वारसा

उत्तराखंडच्या डोंगरउतारांवर, घरांमागील परसात आणि पायवाटांच्या कडेने पावसाळ्यात भांगेची दाट झाडी उभी असते. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाचे लक्ष तेथे प्रथम नर झाडांकडे वळते. ही वनस्पती वायुपरागित असून तिच्या फुलांत मकरंद नसतो. तरीही अन्य फुलोरा दुर्मिळ असताना मधमाश्या तिचे परागकण गोळा करतात; हरियाणात मे-जूनच्या टंचाईच्या काळात युरोपीय मधमाशीबाबत तशी नोंद झालेली आहे. मधमाश्यांना नशा चढते का, असे हमखास विचारले जाते. चढत नाही. टीएचसी हे द्रव्य मानवी मेंदूतील ज्या ग्राहींवर कार्य करते, ते ग्राही कीटकांत आढळत नाहीत.

मादी फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथिरोमांत राळ साठते आणि हीच राळ झाडाचे भक्षकांपासून संरक्षण करीत असावी. धान्याच्या साठवणीत भांगेची वाळलेली पाने घालण्याची जुनी प्रथा याच अनुभवातून आली असावी. मात्र त्यावरून हे पीक कीडमुक्त समजू नये. मावा आणि लाल कोळी यांना ही राळ फारशी रोखत नाही.

पहाडी वाणाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या विविधतेत आहे. नर व मादी झाडे वेगळी असल्याने प्रत्येक बी परपरागणातूनच तयार होते आणि एकाच शेतातील शेजारची दोन झाडेही रासायनिकदृष्ट्या सारखी नसतात. दिवस लहान होऊ लागले की ती फुलतात. बियांची चटणी आणि सालीच्या तंतूंचे दोर व ‘भांगेला’ नावाचे जाडेभरडे कापड हे गढवाल-कुमाऊँच्या घरगुती अर्थव्यवहाराचे जुने भाग आहेत.

औषधी इतिहासाचे धागे दूरवर जातात. अथर्ववेदात ‘भंग’ या वनस्पतीचा उल्लेख आहे. शार्ङ्गधरसंहितेत ती अफूसह ‘व्यवायी’ द्रव्यांत, म्हणजे पचनापूर्वीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्यांत गणली आहे; भावप्रकाशात तिला ‘विजया’ म्हटले आहे. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तेथेच छापलेल्या ग्रंथात ‘बांग’ची चर्चा केली. आधुनिक पद्धतीने तपासणी मात्र १८३९ मध्ये कोलकात्यात झाली. विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी आधी प्राण्यांवर आणि नंतर संधिवात, धनुर्वात, कॉलरा यांच्या रुग्णांवर गांजाच्या अर्काचे प्रयोग नोंदविले. त्यांत झटके येणारी जेमतेम ४० दिवसांची एक बालिकाही होती. सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, २०१८ मध्ये, बालवयातील दोन दुर्धर अपस्मारांसाठी शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा या नोंदीची आठवण होणे स्वाभाविक होते. तरीही अशुद्ध अर्क आणि नेमक्या मात्रेचे शुद्ध द्रव्य यांची गल्लत कोणी करू नये. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधकोशातून भांग वगळली गेली, त्यामागे तिच्या प्रत्येक साठ्याची तीव्रता वेगळी निघे, हेही एक कारण होते. वाणाची विविधताच तेथे औषधनिर्मात्याच्या आड आली!

आज हीच विविधता कायद्याच्याही आड येते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम १४ नुसार तंतू व बियांसाठी शासन लागवडीस परवानगी देऊ शकते. उत्तराखंडात औद्योगिक भांगेसाठी टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के ठरली आणि स्थानिक झाडे ती बऱ्याचदा ओलांडतात. त्यामुळे कमी टीएचसीच्या विदेशी बियाण्याकडे ओढा वाढतो. युरोपच्या दीर्घ दिवसांत निवडलेले वाण आपल्या अक्षांशांवर खुजे असतानाच फुलू लागतात. शिवाय त्यांचे पराग वाऱ्यासवे काही किलोमीटर जातात. एकदा संकर झाला की मूळ वाण परत मिळविणे अशक्यप्राय आहे. माझ्या मते विदेशी लागवड दरीत पोहोचण्यापूर्वीच दुर्गम गावांतील बियाणे शासकीय परवानगीने गोळा करून जनुककोशात ठेवावे. संवर्धनासाठी नेहमीचे कीटकरोधक जाळीघर मात्र पुरणार नाही. आमच्या प्रयोगक्षेत्रात मावा अडविणारी ही जाळी सुमारे २५ मायक्रॉन व्यासाच्या या परागकणाला अजिबात अडवीत नाही.