व्हिडिओ गेमला फुंकर नको, पुसणं हवं

माळ्यावरचा टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम पोरांनी खाली काढला आणि तो चालेना, तर लगेच भंगारात देऊ नका. दुकानात पैसे मोजण्याआधी आपल्याला घरीच बरंच तपासता येतं.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचा गेम काढला. आपल्याकडे १९९०च्या दशकात आलेले कॅसेटवाले स्वस्त गेम बहुतेक त्याचीच नक्कल होते. त्यांच्या कॅसेटच्या तोंडाशी धातूच्या ६० बारीक पट्ट्या असतात. त्यांवर मळ बसला की चित्र विस्कटतं, नाहीतर येतच नाही.

तेव्हा सगळे कॅसेटमध्ये फुंकर मारायचे. गेम फुंकरीने चालू झाला असं वाटायचं, पण खरं काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने. फुंकरीची ओल मात्र पट्ट्यांवर राहते आणि त्या गंजतात.

मग करायचं काय? आधी अडॅप्टर प्लगमधून काढा. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या दोन्ही बाजूंनी पुसा. काडी काळी झाली की नवी घ्या. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट बसवा. पाणी, रॉकेल, तेल लावू नका. हे अल्कोहोल पेट घेतं, म्हणून चुलीपासून आणि लेकरांपासून लांब ठेवा.

रिमोटचं बटण दबत नसेल, तर मागचे स्क्रू काढा. बटणाखालच्या रबराची काळी टिकली आणि पाटीवरची तिची जागा हलक्या हाताने पुसा.

अडॅप्टर बदलायचा असेल, तर त्यावरचे व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण गेमवरच्या खुणेशी जुळवा. चुकीच्या अडॅप्टरने आतली चिप जळू शकते. बऱ्याच स्वस्त गेममध्ये ही चिप काळ्या गोळ्याखाली असते. ती जळली, तर दुरुस्तीवर पैसे घालवू नका.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुना, डब्यासारखा टीव्ही कधीच उघडायचा नाही. बंद केल्यावरही त्याच्या आत जीवघेणा करंट साठून राहू शकतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत एखादीने घरचा बंद गेम आणावा. सगळ्या मिळून पुसून पाहू.