काशीची वाट समुद्रातून

वाराणसीला समुद्र नाही, पण जुन्या सागरी वाहतुकीची काही अत्यंत बारकाईची वर्णने काशीजवळच्या सारनाथला येऊन गेलेल्या यात्रेकरूंनी लिहून ठेवली आहेत. बुद्धाने पहिले प्रवचन दिले तो मृगदाव पाहायला चीनमधून अनेक भिक्खू आले. त्यांपैकी ह्यूएनत्संग सातव्या शतकात खुष्कीच्या मार्गाने आला आणि त्याच मार्गाने परतला. सारनाथच्या विहारात तेव्हा दीड हजार भिक्खू राहत असल्याची त्याची नोंद आहे. त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी आलेला फाहियान मात्र परतला समुद्रमार्गे, आणि ह्यूएनत्संगानंतर आलेल्या इत्सिंगने येता-जाता दोन्ही वेळा समुद्रच निवडला. यात्रेकरूंसाठी निराळी जहाजे नसत. व्यापाऱ्यांच्या जहाजावर, मालाच्या गाठींशेजारी मिळेल ती जागा घेऊन त्यांना जावे लागे. त्यामुळे त्यांच्या लेखनात विहार आणि स्तूप यांच्याबरोबर वारा, पाणी आणि नाविकांची भीतीही आली आहे.

काशी समुद्राशी जोडली होती ती गंगेने. वाराणसीहून पाटलीपुत्र, तेथून चंपा आणि पुढे ताम्रलिप्ती असा हा जलमार्ग. ताम्रलिप्ती म्हणजे आजच्या पश्चिम बंगालमधील तमलूक. आज हे गाव समुद्रापासून दूर पडले आहे, पण तेव्हा ते पूर्व किनाऱ्यावरचे गजबजलेले बंदर होते.

इ. स. 399 मध्ये छांगआनहून निघालेला फाहियान वाराणसी आणि मृगदाव पाहून पाटलीपुत्रला आला, तेथे तीन वर्षे संस्कृत शिकला आणि विनयग्रंथांच्या नकला करून गंगेने ताम्रलिप्तीला उतरला. हिवाळ्याच्या सुरुवातीचा वारा धरून त्याचे जहाज चौदा दिवसांत सिंहलद्वीपाला, म्हणजे श्रीलंकेला, पोचले. तेथे दोन वर्षे राहून तो दोनशेहून अधिक माणसांच्या मोठ्या जहाजावर चढला. संकटसमयी उपयोगी पडावी म्हणून मागे एक लहान होडी दोराने बांधलेली होती. तिसऱ्या दिवशी वादळ सुटले, जहाजात पाणी शिरू लागले. लोक होडीकडे धावले, तेव्हा आधीच होडीत उतरलेल्यांनी गर्दीच्या धास्तीने दोर तोडून टाकला. व्यापाऱ्यांनी जड माल समुद्रात फेकायला सुरुवात केली. फाहियाननेही आपला पाण्याचा घडा आणि हात धुण्याचे भांडे टाकून दिले, पण त्याचा जीव अडकला होता तो ग्रंथांत आणि मूर्तींत. आता व्यापारी तेही फेकतील, ही त्याची धास्ती. तेरा दिवसांनी एका बेटाशी जहाज लागले, भोक बुजवले गेले आणि नव्वदहून अधिक दिवसांनी यवद्वीप आले.

पुढचा प्रवास त्याहून कठीण. पन्नास दिवसांची शिधासामग्री घेतलेले दुसरे जहाज ग्वांगझोऊकडे निघाले आणि वादळात भरकटले. सूर्य, चंद्र, तारे पाहूनच दिशा ठरत असे. आकाश झाकोळले की जहाज वाऱ्याच्या मर्जीवर जाई. जहाजावरच्या काही ब्राह्मणांनी या श्रमणामुळेच संकट आले, त्याला बेटावर उतरवा, असे सुचवले. फाहियानच्या आश्रयदात्याने चीनच्या राजाकडे तक्रार करण्याची धमकी दिली, म्हणून तो वाचला. सत्तर दिवस उलटले, गोडे पाणी संपत आले, स्वयंपाकाला खारे पाणी वापरू लागले. शेवटी 412 साली जहाज शांदोंगच्या किनाऱ्याला लागले, ठरल्या बंदराच्या कितीतरी उत्तरेला. होकायंत्राआधीच्या नौकानयनाची इतकी प्रामाणिक हकिकत क्वचितच सापडते.

इत्सिंगचा प्रवास अडीच शतकांनंतरचा. 671 मध्ये ग्वांगझोऊला एका इराणी जहाजमालकाशी ठरवून तो त्याच्या जहाजाने निघाला आणि वीस दिवसांच्या आत सुमात्रातील श्रीविजयाला पोचला. तेथे सहा महिने संस्कृत व्याकरण शिकला, मग मलायू आणि केदामार्गे, वारा अनुकूल होण्याची वाट पाहत, 673 मध्ये ताम्रलिप्तीला उतरला. मृगदावाचे दर्शन घेऊन त्याने नालंदात दहा वर्षे अभ्यास केला. त्याच्या वेळापत्रकामागे मोसमी वारे होते. हिवाळ्यात ते ईशान्येकडून, पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून वाहतात, म्हणून प्रत्येक टप्प्यावर महिनोन्‌महिने थांबणे भाग होते. परतीच्या वाटेवर श्रीविजयात असताना, 689 साली, तो कागद आणि शाई मागवणारे पत्र द्यायला बंदरावरच्या जहाजात चढला. तेवढ्यात वारा अनुकूल झाला, शिडे उभारली गेली आणि ग्रंथ मागे ठेवून त्याला थेट ग्वांगझोऊ गाठावे लागले. त्याच वर्षी तो मदतनीस घेऊन पुन्हा श्रीविजयाला आला.

चीनच्या बंदरात इराणी जहाज सापडणे तेव्हा नवलाचे नव्हते. इराणी आणि नंतर अरब नाविक आखातापासून ग्वांगझोऊपर्यंत जात. त्यांच्या गलबतांच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता दोराने शिवलेल्या असत. 1998 मध्ये इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ असेच एक नवव्या शतकातील गलबत सापडले. त्यात सुमारे 60,000 चिनी भांडी होती, आणि एका वाडग्यावर 826 शी जुळणारी तारीख आहे. 878च्या सुमारास हुआंग चाओच्या बंडखोरांनी ग्वांगझोऊतील परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल केली. मग इराणी-अरब जहाजे मलाया द्वीपकल्पाशीच थांबू लागली आणि चिनी माल तेथे येऊन मिळू लागला.

आपल्या कोकणात या इराणी-अरब वाहतुकीची खूण दहाव्या शतकात दिसते. अरब इतिहासकार अल मसूदी सुमारे 916 मध्ये चौल बंदरात आला. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि तेथेच जन्मलेले मिळून दहा हजार मुसलमान तेथे राहतात, असे त्याने लिहिले आहे. शके 848, म्हणजे इ. स. 926चा चिंचणी ताम्रपट राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळातला आहे. संजाण प्रांताचा अधिकारी तेव्हा मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब होता. त्याने दोन प्रवाहांवर फुकट तरीची सोय केली आणि संजाणमध्ये भात, भाजी, तूप देणारे अन्नसत्र उघडले, अशी नोंद या ताम्रपटात आहे.