कमी भांडवलाचा संघ आणि एका मोसमाचा हिशेब

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा माणूस मालकही नसतो आणि नोकरही नसतो. तो वाटेकरी असतो. जाळ्यात येईल त्याचे वाटे पडतात. मोठ्या पर्ससीन नौकेपुढे त्याचे भांडवल ते किती! तरीही एखाद्या दिवशी दर्या त्यालाच हात देतो. फुटबॉलच्या धंद्यात असाच एक मोसम 2016-17 साली आला. लहान भांडवलावर व्यवसाय करणाऱ्या आमच्या वाचकांनी त्याचा हिशेब जरूर पाहावा.

बांदा सोडले की गोवा, आणि गोव्याचे फुटबॉल म्हणजे धेंपे, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स. 2007-08 ते 2012-13 अशी सलग सहा वर्षे देशातील आय-लीगचे विजेतेपद या तीन संघांतच फिरले. पुढे 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिला वरचे स्थान देऊन आय-लीग खाली ढकलण्याचा आराखडा 2016 मध्ये महासंघाने मांडला, तेव्हा साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब डी गोवा यांनी निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतले. जागा रिकाम्या झाल्या आणि आदल्याच मोसमात खालच्या श्रेणीत गेलेल्या मिझोरामच्या आयझॉल संघाला पुन्हा प्रवेश मिळाला.

याच सुमारास मुंबईत खालिद जमील मोकळे झाले होते. 2009 पासून सात मोसम त्यांनी मुंबई एफसीला सांभाळले. विजेतेपद मिळाले नाही, पण संघ एकदाही खालच्या श्रेणीत जाऊ दिला नाही. तरीही 2016 मध्ये त्यांना निरोप मिळाला. ते आयझॉलला गेले. जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबई एफसीचे खेळाडू त्यांच्याबरोबर आले. सीरियाचा महमूद अल अमना पूर्वी गोव्याच्या स्पोर्टिंगकडून खेळलेला. बाकी भरणा स्थानिक मिझो तरुणांचा. इतरांनी सोडलेला माल पारखून घ्यावा आणि घरचा माल जपावा, हा जुना व्यापारी नियमच त्यांनी पाळला.

22 एप्रिल 2017 रोजी आयझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 असे हरविले. 30 एप्रिलला शिलाँग लाजोंगविरुद्ध एक गोल मागे पडूनही 1-1 अशी बरोबरी साधली. अठरा सामन्यांत 37 गुण. मोहन बागानचे 36. एका गुणाने विजेतेपद! त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहिली आणि पुढे तो संघच बंद झाला. हे आम्ही कुणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. अनुभवी माणसाची किंमत जमाखर्चाच्या वहीत दिसत नाही, एवढेच सांगायचे आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विजेतेपद मिळाले तरी सुपर लीगचे दार आयझॉलसाठी उघडले नाही. जमील आणि अल अमना ईस्ट बंगालकडे गेले, इतर खेळाडूही पांगले. तो चषक आयझॉलला पुन्हा जिंकता आला नाही. आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये बढती मिळण्याची वाट 2023 मध्ये पंजाबच्या संघापासून सुरू झाली. आयझॉलला तिचा उपयोग झाला नाही.

जमील यांचे मात्र नाव झाले. ऑगस्ट 2025 मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक नेमले गेले.

आमच्या मते बोध असा : मेहनत आणि पारख यांच्या बळावर लहान माणूस एक मोसम जिंकू शकतो. ती कमाई टिकवायची तर बाजाराचे नियमही न्यायाचे हवेत. 2016 मध्येच राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, ते पारंपरिक मच्छीमारांनी एकजुटीने आवाज उठविल्यावर. रापणीची दोरी एकट्याने ओढली जात नाही, हे आपल्या किनाऱ्याला कुणी शिकवायला नको. व्यापारातही ते विसरू नये.