सांदवाडीतली तालीम

धान कापून झालं, मळणी उरकली की गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडच्या गावांत नाटकांचे मंडप दिसू लागतात. दिवाळीनंतर सुरू झालेला झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम होळीपर्यंत चालतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीचं नाव राज्यभर पोचलं. या नाटकांचा अर्धा जीव संगीतात असतो. पूर्वी ऑर्गन, ढोलक, तबला. आता त्यांच्या जोडीला की-बोर्ड आणि पॅड. दिवसभर शेतात किंवा नोकरीवर असलेल्या वादकांना सरावाला रात्रच उरते आणि शेजारच्या घरात कुणाची परीक्षा असते, कुणी आजारी असतं. गोंदिया जिल्ह्यात घरामागे सांदवाडी असते, जागेची ददात नसते. तिथे एक खोली बांधावी आणि मनसोक्त वाजवावं, हा विचार म्हणूनच रास्त आहे.

पण अशी खोली बांधताना बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या टोकाने करतात. भिंतींना अंड्यांचे ट्रे, फोम नाहीतर जुन्या गाद्या लावतात. या मऊ वस्तू खोलीतला घुमणारा आवाज शोषतात, बाहेर जाणारा आवाज अडवत नाहीत. अडवायला वजन लागतं. ध्वनी म्हणजे हवेचा कंप. तो भिंतीवर आदळतो, भिंतीला किंचित हलवतो आणि हललेली भिंत पलीकडच्या हवेला हलवते. भिंत जितकी जड, तितकी ती कमी हलते.

गरज किती, ते आधी मोजू. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. लहान खोलीत ड्रम जोरात वाजले तर आवाज सहज ११० डेसिबलपर्यंत जातो. म्हणजे रात्रीसाठी ६५ डेसिबलची घट हवी. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापटीने बदलते, त्यामुळे ६५ डेसिबलची घट म्हणजे ऊर्जा सुमारे ३० लाख पटीने कमी करणं. शेजारचं घर लांब असेल तर अंतराचीही मदत होते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात.

दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली ९ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबल अडवते. मग ती १८ इंची केली तर? वजन दुप्पट झालं तरी फायदा ५-६ डेसिबलचाच. विटा, सिमेंट, मजुरी यांचा खर्च मात्र दुप्पट. त्याच विटांच्या दोन वेगळ्या भिंती उभारल्या, मध्ये हवेची पोकळी ठेवली आणि त्या एकमेकींना कुठेही टेकू दिल्या नाहीत, तर घट बरीच जास्त मिळते. कारण पहिल्या भिंतीचा कंप दुसरीपर्यंत थेट पोचायला वाटच राहत नाही. पोकळीत पडलेला मसाल्याचा एक गोळा किंवा दोन्ही भिंतींत ठोकलेली एक सळई ही मेहनत वाया घालवते. गवंड्याजवळ उभं राहून लक्ष द्यावं असं काम हेच.

खालच्या स्वरांपुढे जाड भिंतही कमी पडते. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा, त्याची तरंगलांबी ८ मीटरच्या वर. शेजाऱ्याला गाणं ऐकू येत नाही, पण धडधड येते ती यामुळेच. शिवाय ड्रमचा कंप जमिनीतूनही जातो, म्हणून ड्रमखाली रबरावर तोललेला लाकडी चौथरा हवा.

आता दाराकडे पाहू. ३ मीटर लांब, ३ मीटर उंच भिंतीत ९० सेंटीमीटर रुंदीचं दार आहे आणि त्याखाली फक्त १ सेंटीमीटर फट आहे, असं समजू. फटीचं क्षेत्रफळ भिंतीच्या हजाराव्या भागाइतकं. तरीही ५० डेसिबलच्या भिंतीची एकूण क्षमता ३० वर येते. बांधाला पडलेलं खेकड्याचं बीळ जसं बांधीतलं पाणी रिकामं करतं, तशीच ही फट. जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी मातीच्या भिंती आवाज अडवायला उत्तम, पण वरची कवेलू फटींनी भरलेली असतात आणि टिनाचं छप्पर फारच हलकं. सिमेंटचा स्लॅबच हवा. दार भरीव लाकडाचं, चारही बाजूंनी रबरपट्टी बसवलेलं, आणि जमलं तर एकामागे एक अशी दोन दारं.

एवढी बंद खोली आतून घुमते. ४ बाय ३ मीटरच्या, ३ मीटर उंच, गिलाव्याच्या रिकाम्या खोलीत आवाज विरायला जवळजवळ ३ सेकंद लागतात. हे गणित हार्वर्डच्या वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून केलेल्या प्रयोगांतून मिळालं. त्यांनी व्याख्यानाच्या खोलीत गाद्या आणून ठेवत आवाज विरण्याचा वेळ मोजला होता. मऊ वस्तूंचं काम इथे सुरू होतं. आणि इथे गोंदियाकडे स्वतःचं साहित्य आहे. धानाच्या वजनाच्या साधारण पाचवा भाग तूस असतो आणि राइस मिलांमागे त्याचे ढीग असतात. सच्छिद्र असल्यामुळे कापडी चौकटीत भरलेला तूस आवाज शोषतो. मात्र तो कोरडा ठेवावा, उंदरांपासून जपावा आणि विजेच्या तारांपासून लांब ठेवावा, कारण पेटला तर आतल्या आत धुमसत राहतो. दोन भिंतींमध्ये तूस भरून जड भिंतीचं काम होईल, ही आशा मात्र ठेवू नये. तो फार हलका आहे.

शेवटची गोष्ट हवा. अशा खोलीत पाच जण नुसते बसले तरी तासाभरात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण ४०० वरून ३००० पीपीएमच्या आसपास जातं, वाजवताना त्याहून जास्त. त्यात विदर्भाचा उन्हाळा. हवा आत घेण्यासाठी आणि बाहेर सोडण्यासाठी आतून मऊ अस्तर लावलेली, वळणं असलेली लाकडी नळी करावी. हवा वळते, आवाज वळणावळणावर जिरतो. पैसे कमी असतील तर फोम पुढच्या हंगामावर ढकला. दार, छत आणि ही नळी यांत काटकसर करू नका.